साठ ते सत्तर : मधली दहा वर्षे कोणाच्या भरवशावर?

मंडळाच्या कामानिमित्त सभासदांच्या घरी जाणे होते तेव्हा हल्ली आम्ही एक प्रश्न न चुकता विचारतो. घरात सत्तरीच्या पुढचे कोणी आहे का, आणि असल्यास त्यांचे आयुष्मान कार्ड काढले आहे का? पहिल्या प्रश्नाला बहुतेक घरांतून होकार येतो. दुसऱ्याला जे उत्तर येते ते आता आम्हाला पाठ झाले आहे. "अहो, ते गरिबांचे. आपल्याला कुठले मिळणार?" काही ठिकाणी हेच जरा ताठ मानेने सांगितले जाते. "आपण कशाला त्या रांगेत उभे राहायचे?"

शनवाऱ्याकडच्या एका जुन्या घरातली हकीकत सांगतो. नावाची गरज नाही. सत्त्याहत्तर वर्षांच्या आजी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे मुलाने रातोरात गाडी करून त्यांना जळगावकडे नेले. शस्त्रक्रिया चांगली झाली, आजी आता काठी घेऊन चालतात. बिल मात्र आजोबांनी नोकरीभर साठवून ठेवलेली मुदत ठेव मोडून भागवावे लागले. दोनेक महिन्यांनी आम्ही भेटायला गेलो तेव्हा बोलण्यातून निघाले की आजींचे कार्ड नव्हते, ते रुग्णालय योजनेत आहे की नाही हेही कोणी विचारले नव्हते, आणि योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावरही कार्ड काढता येते याची कोणाला कल्पना नव्हती. आजोबा एवढेच म्हणाले, "आम्हाला कोणी सांगितलेच नाही." हे वाक्य आम्हाला लागले. सांगणे हे आमचे काम होते. वर्षातून दोन कार्यक्रम आणि एक सहल यांपलीकडे मंडळाने काही करायचे असेल तर ते हेच, म्हणून हा लेख.

आधी आपल्या घरांना ही सवय का लागली ते पाहू. २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू झाली तेव्हा ती दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी होती आणि वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यात मिळत. २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत योजना आली. मर्यादा पाच लाखांवर गेली, पण लाभार्थी ठरले ते २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीवरून. पुढे मध्य प्रदेश शासनाने संबल योजनेतली आणि अन्नसुरक्षेतली कुटुंबेही त्यात घेतली. आपली बहुतेक जुनी घरे यांतल्या कोणत्याच यादीत बसत नव्हती. वाडा पडका का असेना, पण स्वतःचा. पेन्शन तुटपुंजी, पण पेन्शन. यादीत नाव नाही म्हणून चौकशी नाही, आणि चौकशी नाही म्हणून नियम बदलल्याचे कळले नाही.

नियम बदलला तो २०२४ मध्ये. ११ सप्टेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि २९ ऑक्टोबरला योजना सुरू झाली. ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक भारतीय नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात रोख पैसे न भरता मिळतात. या कार्डाचे नाव आयुष्मान वय वंदना कार्ड. देशभरातल्या साडेचार कोटी कुटुंबांतल्या सुमारे सहा कोटी ज्येष्ठांना त्याचा लाभ व्हावा असा शासनाचा हिशेब होता. खर्चाचे ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य उचलते. म्हणजे तुमच्या-आमच्याच करातून. यात कोणाचे उपकार नाहीत आणि लाजण्यासारखेही काही नाही. बँकेत रांग लावायला आपण लाजत नाही, मग इथे का लाजायचे?

या कार्डाची मोठी जमेची बाजू अशी की जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात. खासगी विमा कंपनी मधुमेह, रक्तदाब म्हटले की थांबा म्हणते. इथे थांबणे नाही. दाखल होण्याआधीच्या तीन दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा तपासणी-औषधांचा खर्चही त्यातच धरलेला आहे.

आता गैरसमज. ते दोन्ही बाजूंनी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाच लाख हे माणशी नाहीत, कुटुंबाचे आहेत. आजी आणि आजोबा दोघेही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून पाच लाख. मात्र ज्या कुटुंबाचे आयुष्मान कार्ड आधीपासून आहे, त्यातल्या सत्तरीपुढच्यांना वेगळे पाच लाख मिळतात आणि त्यात मुला-नातवांचा वाटा नसतो. म्हणून "घरात एक कार्ड आहे, दुसरे कशाला" असे म्हणणाऱ्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांचे वय वंदना कार्ड वेगळे काढून घ्यावे.

खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड मिळते. राज्य कर्मचारी विम्याचे, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो त्याचे लाभार्थीही ते घेऊ शकतात. केंद्र सरकारच्या निवृत्तांची सीजीएचएस आणि माजी सैनिकांची ईसीएचएस यांचे मात्र तसे नाही. तिथे दोहोंपैकी एकच निवडावे लागते आणि ही निवड एकदाच करता येते. आपल्याकडे निवृत्त लष्करी जवानांची घरे आहेत, त्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे की शेजारच्याने काढले म्हणून घाईने काढू नका. ईसीएचएसमध्ये बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधेही मिळतात, आयुष्मानमध्ये ती मिळत नाहीत. भुसावळ-खंडव्याला रेल्वेत आयुष्य काढलेल्यांनीही आधी आपल्या रेल्वे आरोग्य योजनेची चौकशी करावी आणि मगच पाऊल उचलावे.

गिरणीत किंवा कारखान्यात पाच वर्षे वा अधिक काळ ईएसआय कापले गेले असेल आणि वयोमानाने निवृत्ती झाली असेल, तर वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःला आणि जोडीदाराला वैद्यकीय सोय चालू ठेवण्याची तरतूद अनेक वर्षांपासून आहे. गावातल्या किती निवृत्त गिरणी कामगारांना हे ठाऊक आहे? आम्ही विचारले त्यांपैकी फार थोड्यांना होते. जुने ईएसआय कार्ड ट्रंकेत असेल तर ते काढून चौकशी करावी.

सर्वांत मोठा गैरसमज रोजच्या औषधांचा. कार्ड हे दाखल होण्यासाठी आहे. रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, डॉक्टरची फी यांना त्यातून एक पैसा मिळत नाही. खरे पाहता म्हाताऱ्या माणसाचे घर महिन्याच्या महिन्याला याच खर्चाने पोखरले जाते. यासाठी जिल्हा रुग्णालयातली मोफत औषधे आणि जनऔषधी केंद्र हे दोनच आधार आहेत, आणि "सरकारी गोळीला गुण नसतो" हा आपल्या घरांतला समज त्यांच्या आड येतो. या समजावर पुन्हा केव्हातरी लिहू.

कार्ड काढण्याचे काम अवघड नाही. आधार कार्ड एवढाच कागद लागतो. आयुष्मान ॲपवर घरच्या घरी निघते, नाहीतर लोकसेवा केंद्रात किंवा योजनेतल्या रुग्णालयात. १४५५५ या क्रमांकावर विचारपूस होते. अडते ते आधारपाशीच. वय आधारवरचेच धरले जाते. आपल्या आजींच्या पिढीत जन्मदाखला हा प्रकार नव्हता. आधार काढणाऱ्या मुलाने अंदाजाने एक साल टाकले आणि आजींनी मान हलवली. आता प्रत्यक्षात ७४ वर्षांच्या असलेल्या बाई कागदावर ६८ च्या निघतात. आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच दुरुस्त करता येते, म्हणून ती संधी चुकीचा कागद देऊन वाया घालवू नये. शाळेचा दाखला, पासपोर्ट, पेन्शनचा आदेश, जे पक्के असेल तेच न्यावे.

नावाचा घोळ तर आपल्या घरांचा खास. माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर. कुठे नुसते शांता, कुठे शांताबाई. त्यात आपला 'ळ'. हिंदीत टंकलेखन करणाऱ्याला तो सापडत नाही, मग काळे यांचे काले होतात आणि समग्र आयडीवर एक, आधारवर दुसरे, पेन्शनच्या पुस्तकावर तिसरे नाव बसते. घरातल्या तरुणांनी एका रविवारी सगळे कागद पलंगावर मांडून नावे जुळवावीत. आजारपण आल्यावर हे काम सुचत नाही.

मोबाइल क्रमांकही आपल्याच घरचा द्यावा. महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल ज्यांनी वाचला त्यांना आठवत असेल की देशभरातले साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच क्रमांकाशी जोडलेले आढळले होते, आणि तो क्रमांक होता दहा वेळा नऊ! शासनाने खुलासा केला की लाभार्थी ओळखण्यासाठी मोबाइल क्रमांक वापरला जात नाही. खुलासा मान्य. पण निरोप येणार तो त्याच क्रमांकावर, हे विसरू नये. विणकामात, विडी वळण्यात ज्यांची बोटे झिजली त्यांचे ठसे यंत्र घेत नाही. अशा वेळी "होत नाही" म्हणून परत फिरू नये. चेहऱ्यावरून किंवा डोळ्यांवरून ओळख पटवण्याची सोय आहे, ती मागावी.

आता सीमेचा प्रश्न, आणि इथून पुढे आमचे खरे म्हणणे आहे.

पेशव्यांच्या हाती १७६० साली बुऱ्हाणपूर आले, त्या काळापासून किंवा त्याच्या मागे-पुढे आपली घरे इथे आहेत. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, वऱ्हाड आणि नागपूर तिकडे गेले, निमाड इकडे राहिले. सोयरीक, बाजार आणि दवाखाना यांनी मात्र ही रेघ कधी मानली नाही. इच्छापूर ओलांडले की मुक्ताईनगर, पलीकडे रावेर, आणि पुढे भुसावळ-जळगाव. आजारी माणसाला घेऊन आपण इंदूरपेक्षा तिकडेच जातो. जवळ पडते आणि भाषा आपली आहे.

आयुष्मान कार्डाच्या बाबतीत ही रेघ आडवी येत नाही. मध्य प्रदेशात काढलेले कार्ड महाराष्ट्रातल्या, योजनेत असलेल्या रुग्णालयात चालते. फक्त निघण्यापूर्वी १४५५५ वर किंवा ॲपवर दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. ते रुग्णालय यादीत आहे का, आणि आपल्याला हवा तो उपचार तिथे या योजनेतून होतो का. नुसता "आयुष्मान चालते" असा फलक पुरेसा नाही. हृदयविकारासाठी यादीत असलेले रुग्णालय हाडांसाठी असेलच असे नाही. तिथे गेल्यावर आयुष्मान मित्राला भेटावे, महाराष्ट्रात त्यालाच आरोग्यमित्र म्हणतात. कोणी वरून पैसे मागितले तर पावती मागावी आणि तक्रार करावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण समिती असते. ती असते याचीही आपल्याला आठवण नसते.

पण ही सगळी सोय सत्तरीपुढची. साठ ते सत्तरचे काय?

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तिची व्याप्ती राज्यातल्या सर्व कुटुंबांपर्यंत वाढवली गेली, शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असो, आणि मर्यादा पाच लाख झाली. जुलै २०२४ पासून ती अमलात आली. म्हणजे रावेरचा ६४ वर्षांचा किराणा दुकानदार त्या छत्राखाली आहे. बुऱ्हाणपुरातला त्याचा सख्खा मावसभाऊ, वय तेच, दुकान तेवढेच, कुठल्याच यादीत नाव नसेल तर उघड्यावर आहे. दोघांच्या दारांत तासाभराचेही अंतर नाही. तिकडच्या योजनेतही त्रुटी आहेत, यादीतली रुग्णालये टाळाटाळ करतात अशा तक्रारी आपले नातेवाईकच सांगतात. तरीही दारात उभे राहून हक्काने मागता येते, हा फरक लहान नाही.

कोणी म्हणेल, साठीच्या माणसाने खासगी विमा घ्यावा. १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांना ६५ च्या पुढच्या माणसाला केवळ वयावरून नवी पॉलिसी नाकारता येत नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही उठला. दोन्ही निर्णय चांगले झाले. पण मधुमेह असलेल्या ६३ वर्षांच्या माणसाला कंपनी जो हप्ता सांगते तो ऐकून माणूस परत फिरतो. शिवाय आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबवण्याची मुभा कंपनीला आहेच. साठीनंतरची तीन वर्षे हा काही थोडा काळ नव्हे. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावा, आणि पन्नाशीतच घ्यावा. ज्यांना परवडत नाही अशांची घरे आपल्या सभासद यादीत निम्म्याहून कमी नसावीत, असा आमचा अंदाज आहे.

आम्हाला विचाराल तर या वयाच्या अटीत सुसंगतीच नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ६० वर्षांचा माणूस ज्येष्ठ ठरतो. शासकीय नोकरीतून त्याच सुमारास घरी पाठवले जाते. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत होती तीही पुरुषांना साठीपासूनच होती, मार्च २०२० मध्ये ती बंद केली ती केलीच. आरोग्याच्या बाबतीत मात्र म्हातारपण दहा वर्षे उशिरा सुरू होते! गुडघे, मोतीबिंदू, हृदयाची नस, यांना हे कोणी कळवलेले दिसत नाही. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनेच २०२५ मध्ये ही अट ७० वरून ६० वर आणावी अशी शिफारस केली होती. तेव्हा आमची मागणी जगावेगळी नाही.

केंद्राने केले नाही तर राज्याला करता येते. मध्य प्रदेश शासनाने संबलची कुटुंबे आपल्या अधिकारात घेतली तशीच साठीपुढची माणसे घेता येतील. भोपाळला पैशाची अडचण सांगितली जाईल. मग निदान ६५ पासून सुरुवात करा, निदान एकट्या राहणाऱ्या विधवांपासून करा, असे म्हणता येईल. मागायलाच कोणी गेले नाही तर द्यायचे कोणी?

एक गोष्ट स्पष्ट करतो. ही मागणी मंडळ मराठी माणसासाठी म्हणून मांडणार नाही. लूमवर आयुष्य काढलेला आपल्या गल्लीपलीकडचा मोमीन विणकर, लालबागचा सिंधी फिरतीवाला, नेपानगरचा निवृत्त कामगार, यांची साठ ते सत्तरची दहा वर्षे आपल्यासारखीच उघडी आहेत. एकट्या मराठी समाजाचे निवेदन फाइलीला लागून राहील. चार समाजांच्या सह्या असल्या तर आमदारांना ते विधानसभेत न्यावे लागेल. काही सभासदांना हे रुचणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे. त्यांनी कार्यकारिणीच्या बैठकीत येऊन बोलावे.

निवडणुका आल्या की उमेदवार आपल्या गणेशोत्सवात येतात, आरती करतात, मराठीत दोन वाक्ये बोलतात आणि जातात. आपण खूश होतो. पुढच्या वेळी आरतीनंतर त्यांना थांबवून एवढेच विचारावे, की साठीच्या माणसाच्या दवाखान्याचे काय केले, आणि बुऱ्हाणपुरातली किती रुग्णालये कोणत्या उपचारांसाठी योजनेत आहेत त्याची यादी मराठी-हिंदीत चौकात का लावली नाही. ही यादी पार्षदांनाही मागता येते, त्यासाठी भोपाळपर्यंत जायची गरज नाही.

निवेदनाचा मसुदा मंडळाच्या कचेरीत ठेवला आहे. सही करायला येताना घरातल्या वडीलधाऱ्यांचे आधार कार्डही सोबत आणावे. ज्यांचे वय ७० पूर्ण आहे त्यांचे कार्ड काढून देण्यासाठी दोन कार्यकर्ते फोन घेऊन बसतील. ज्यांना जिना चढता येत नाही त्यांनी निरोप पाठवावा, आम्ही घरी येऊ.